घर मंजूर, जागा नाही: एका ऊसतोड कुटुंबाच्या घरकुलाचं प्रकरण

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या पंचायत समितीत मी कंत्राटी ग्रामीण गृहनिर्माण अभियंता आहे. घरकुलांची आखणी, पाहणी, जिओ टॅगिंग (जागेचा ठिकाणासह फोटो नोंदवणं) आणि हप्त्यांचे प्रस्ताव हे माझं काम. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मधलं एक प्रकरण मी इथे सविस्तर मांडते आहे. ज्यांचं हे घर त्यांच्या परवानगीने लिहिते, मात्र नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. खर्चाचे आकडे त्यांच्या वहीतले आणि माझ्या नोंदींतले आहेत.

पार्श्वभूमी

कुटुंबात सहा माणसं: नवरा-बायको, तीन मुलं आणि नवऱ्याची आई. शेतजमीन नाही. दिवाळीच्या पुढेमागे नवरा-बायको कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. मुलं आजीजवळ राहतात. गावाच्या कडेला गायरानात, म्हणजे गावाच्या सामाईक चराऊ जमिनीवर, २००६ पासून त्यांचं खोपट आहे. तीन बाजूंनी पत्रा, एका बाजूला तुराट्यांचा कूड, वर पत्रा आणि ताडपत्री. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला त्याची नोंद आहे, वीजमीटर आहे, घरपट्टीच्या पावत्याही आहेत. त्यामुळे जागा आपलीच आहे असं ते धरून चालले होते.

त्यांचं नाव २०१८ च्या ‘आवास प्लस’ सर्वेक्षणात आलं होतं. त्यानंतर सहा वर्षं काही हललं नाही. मग राज्याला एकदम सुमारे २० लाख घरकुलांचं उद्दिष्ट मिळालं आणि २२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यातल्या कार्यक्रमात २० लाख मंजुरीपत्रं आणि १० लाख लाभार्थ्यांना पहिला हप्ता देण्यात आला. या कुटुंबाच्या खात्यातही १५ हजार रुपये जमा झाले. नवरा-बायको तेव्हा ऊस तोडत होते. मोबाईलवर मेसेज आला, तो मुकादमाच्या (ऊसतोड मजुरांची टोळी नेणाऱ्याच्या) मुलाने वाचून दाखवला.

योजनेचा हिशोब असा. मूळ अनुदान १ लाख २० हजार. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८,०८० रुपये. शौचालयाचे १२ हजार. राज्याने २०२५ मध्ये वाढवलेले ५० हजार, त्यातले १५ हजार छतावर सौर संच बसवला तरच. एकूण २ लाख १० हजारांच्या आसपास. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं हवं. या बेरजेत जमिनीच्या किमतीचं खातं नाही, कारण योजना जागा आहे असं धरूनच सुरू होते.

अडचण

३० मार्चला पाडवा झाला आणि दोन दिवसांनी नवरा-बायको माझ्या टेबलासमोर उभे राहिले. बाई म्हणाल्या, “मॅडम, पैसे आले, पर घर टेकवायचं कुठं? सरपंच म्हन्तेत गायरानात पाया खोदू नका.”

चूक माझी होती. जानेवारीत मंजुऱ्या पूर्ण करायची घाई होती, दिवसाला चाळीस-पन्नास घरांचे फोटो काढत होतो. प्रस्तावित जागा म्हणून मी त्यांच्या खोपटाचाच फोटो टॅग केला होता. आजी समोर उभ्या होत्या, नमुना ८ चा उतारा हातात होता. मालकी रकान्यात ‘सरकार’ आणि शेऱ्यात ‘अतिक्रमित’ असं लिहिलेलं होतं. मी उताऱ्यावरचं नाव बघितलं, शेरा वाचला नाही. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही, हे मी प्रशिक्षणात दुसऱ्यांना सांगत आले आहे.

त्यातच १५ हजारांपैकी ९ हजार मुलीच्या आजारपणात खर्च झाले होते. बांधकाम सुरू झालं नाही तर वसुलीची नोटीस निघते, आणि एप्रिलअखेर ती निघालीच. ज्या घराला जागाच नाही, त्याचं काम का सुरू केलं नाही, असा तिचा मजकूर. नोटीस घेऊन आलेल्या शिपायासमोर आजी रडायला लागल्या. पोलीस येणार असं त्यांना वाटलं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आहे ती जागाच नियमानुकूल करून घ्यायची. १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणं घरकुलाच्या पात्र लाभार्थ्यांसाठी नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय फेब्रुवारी २०१८ चा आहे. तारखेच्या अटीत हे कुटुंब बसत होतं. पण जागा गायरान होती. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना सरकारी अधिसूचनेनुसार पट्टा दिलेला असेल, किंवा तिथे शाळा-दवाखान्यासारखी सोय उभी असेल, तर अपवाद ठेवला. आमच्या कुटुंबाकडे असा पट्टा कधीच नव्हता. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांची स्वतःहून दखल घेतल्यावर गावोगाव नोटिसा गेल्या होत्या आणि तेव्हापासून आमच्या तालुक्यात गायरानाच्या प्रस्तावाला कुणी हात लावत नाही. तहसीलमधले एक जुने अव्वल कारकून मला म्हणाले, “प्रस्ताव द्या, मी घेतो. पण या पावसाळ्याआधी उत्तर मिळेल असं त्या बाईला सांगू नका.” त्यांच्या या स्पष्ट बोलण्याचे माझ्यावर उपकार आहेत.

दुसरा पर्याय, गावठाणातली वडिलोपार्जित पडकी जागा. सासऱ्यांच्या नावावर होती, तीन भावांत वाटणी झालेली नव्हती. वाटणी झाली असती तर यांच्या वाट्याला १८० चौरस फूट आलं असतं, म्हणजे किमान घरही बसलं नसतं. भावांनी संमतीपत्र दिलं असतं तर जमलं असतं. धाकटा तयार होता. पुण्याला राहणारा थोरला म्हणाला, “आज घर बांधशील, उद्या माझ्या पोरांनी कुठं जायचं?” त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही.

तिसरा पर्याय जागा विकत घेण्याचा. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना २०१५ पासून आहे. भूमिहीन लाभार्थ्याला ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी पूर्वी ५० हजार मिळत, आता १ लाख मिळतात. मात्र वाटेत दोन धोंडे होते. एक म्हणजे भाव. गावठाणाला लागून गुंठ्याला ३ लाख २० हजार मागत होते. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. अर्धा गुंठा घेतला तरी १ लाख ६० हजार. दुसरा धोंडा तुकडेबंदी कायद्याचा. जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे यापेक्षा छोटा तुकडा तेव्हा विकता येत नव्हता, दुय्यम निबंधक दस्तच घेत नव्हते. म्हणजे ग्रामविकास विभाग सांगतो ५०० फूट घ्या, आम्ही पैसे देतो. आणि महसूल विभागाचा कायदा सांगतो एवढा तुकडा विकायचा नाही. लाखभर रुपयांचं अनुदान अनेक गावांत वापराविना का पडून राहतं, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

चौथा पर्याय कागदावर सगळ्यात सोपा होता. लाभार्थी ‘जागेअभावी अपात्र’ म्हणून शेरा मारायचा, उरलेले ६ हजार परत घ्यायचे आणि उद्दिष्ट पुढच्या नावाकडे वळवायचं. कार्यालयात हे सुचवलं गेलं. असा शेरा बसला की ते नाव पुन्हा वर यायला किती वर्षं लागतात, हे याच कुटुंबाने २०१८ पासून पाहिलं होतं. मी ते लिहायला नकार दिला.

काय केलं

तुकडेबंदीतून वाट मार्च २०२४ च्या नियमांत सापडली. विहीर, शेतरस्ता यांच्यासोबत ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्यासाठी १ हजार चौरस फुटांपर्यंतची जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने हस्तांतरित करता येते. नियम होऊन वर्ष उलटलं होतं, तरी आमच्या तालुक्यातून एकही अर्ज गेलेला नव्हता. मलाही तो माहीत नव्हता. शेजारच्या तालुक्यातल्या सहकाऱ्याने दाखवला.

मग विकणारा शोधायचा होता. गावठाणाला लागून ज्यांचं शेत होतं ते अर्धा गुंठा द्यायला तयार नव्हते. उरलेला तुकडा पुढे कुणी घेणार नाही, ही त्यांची अडचण खरी होती. बाईंच्या चुलत जावेचंही घरकुल याच कारणाने अडकलेलं होतं. दोघींनी मिळून एक गुंठा घ्यावा, प्रत्येकीच्या नावे ५०० फूट आणि उरलेली ८९ फूट सामाईक वाट, असा तोडगा निघाला. तो माझ्या डोक्यातून आलेला नाही. बाईंनीच पारावर काडीने मातीत चौकोन काढून दाखवला: “मधी वाट, हिकडं मी, तिकडं जाऊबाई. भिंतीला भिंत लावली तर एका भिंतीचा खर्च वाचंल का ओ मॅडम?” भिंत सामाईक ठेवायला मी नको म्हटलं, पुढे वाद होतात. बाकी आराखडा त्यांचाच राहिला.

जून अखेरीस दोन्ही अर्ज गेले. या प्रकरणातला सगळ्यात कठीण निर्णय त्यानंतरचा आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात महसूलमंत्र्यांनी विधानसभेत तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी विकणारे म्हणाले, “कायदाच उठतोय, तर परवानगीची कटकट कशाला? दोन महिने थांबू, सरळ खरेदीखत करू.” त्यांचं गणित वेगळंही होतं: कायदा सुटला की भाव वाढणार. कुटुंबातही दोन मतं पडली. नवऱ्याला थांबावंसं वाटत होतं, परवानगीच्या फेऱ्यांत त्याचे रोज बुडत होते.

मी थांबू नका असं सांगितलं. घोषणेचा कायदा व्हायला आणि तो दुय्यम निबंधकाच्या टेबलापर्यंत उतरायला किती वेळ लागेल, याचा अंदाज मला नव्हता. दिवाळीनंतर हे कोयत्यावर जाणार, एवढं मात्र पक्कं माहीत होतं. बाईंनी माझ्या बाजूने कौल दिला. सरपंचांनी मध्यस्थी करून विकणाऱ्यांना जुन्या भावावर थांबवून धरलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात परवानगी आली. महिनाअखेर खरेदीखत झालं, बाईंच्या नावावर. जागेच्या अनुदानाचं मंजुरीपत्र हातात होतं, पण पैसे नव्हते. म्हणून ६० हजार रोख आणि १ लाख अनुदान जमा झाल्यावर, असं दस्तातच लिहून घेतलं. मोजणी, मुद्रांक, नोंदणी, नकला यांचे १४ हजार वेगळे लागले. जुना टॅग रद्द करून जागाबदलाची मंजुरी मी वरिष्ठांकडून लेखी घेतली.

पाया खोदला तेव्हा काळी माती लागली. चार फुटांवर काळीच, पाच फुटांवरही काळीच. काळ्या रानात उथळ पाया घेतला की दोन उन्हाळ्यांत भिंतीला बोटभर भेग पडते, हे मी डझनभर घरांत पाहिलं आहे. साडेपाच फुटांवर मुरूम लागला. तेवढ्यात सप्टेंबरची अतिवृष्टी सुरू झाली. मराठवाड्यात त्या पावसाने काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. आमचे चर काठोकाठ भरले, एका बाजूची माती ढासळली. पाणी उपसून, मुरूम भरून, धुम्मस करून पुन्हा काम धरलं. जोतं दीड फुटाचं ठरलं होतं, ते अडीच फूट केलं. यात १९ हजार जास्त गेले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पाणी गावात शिरलं तेव्हा खोपटात गुडघाभर पाणी होतं, आणि आजी नातवंडांना घेऊन शाळेत राहिल्या होत्या.

नवऱ्याला ४०० फुटांचं घर आणि वर स्लॅब हवा होता. भावकीत सगळ्यांचे स्लॅब आहेत. त्याच्याशी मी दोनदा बसून हिशोब केला. तालुक्यात अर्धवट राहिलेली घरकुलं मी पाहते, त्यांतली बरीचशी मोठा पाया घातल्यामुळे भिंतींवर अडकलेली आहेत. शेवटी २७५ फूट आणि पत्रा ठरला. पुढे स्लॅब टाकता यावा म्हणून कोपऱ्यांत कॉलम घेतले. वाळूचे ५ ब्रास घरकुलाला मोफत आहेत, मात्र डेपो ४० किलोमीटरवर आणि वाहतूक आपल्या पदरची. हिशोब केला तर जवळच्या खडीक्रशरची वाळू तेवढ्यातच पडत होती, आणि वेळेवर मिळत होती. तीच घेतली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जोत्याचा फोटो गेला आणि ७० हजारांचा दुसरा हप्ता आला. २७ ऑक्टोबरला छज्जापातळी गाठली. ३० तारखेला पहाटे ट्रॅक्टर आला आणि नवरा-बायको कारखान्याकडे गेले. आदल्या संध्याकाळी मी फोटो काढायला गेले तेव्हा बाई चुलीची जागा दाखवत होत्या: खिडकीखाली नको, वारा येतो.

निकाल

छत नोव्हेंबरमध्ये बसलं. देखरेख आजींनी केली, गवंड्याला रोज चहा आणि रोज हिशोब. ३० हजारांचा तिसरा हप्ता डिसेंबरात आला. जागेचे १ लाख विकणाऱ्यांना पोचले. आजी आणि मुलं नव्या घरात राहायला आली आहेत. गिलावा आणि शौचालय बाकी आहे. जावेचं घर जोत्यावर आहे.

पैशाची बाजू मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. घराला आतापर्यंतचा आणि उरलेल्या कामाचा धरून खर्च २ लाख ५२ हजार. रोजगार हमीचे ९० पैकी ४१ दिवसच मस्टरवर (हजेरीपटावर) लागले, १२,७९२ रुपये. उरलेल्या ४९ दिवसांच्या वेळी नवरा-बायको गावात नव्हते. मूळ अनुदान, ही मजुरी, शौचालयाचे १२ हजार आणि राज्याचे ३५ हजार असं सगळं वेळेवर मिळालं, तरी १ लाख ७९ हजार ७९२ होतात. घराची तूट ७२ हजारांच्या वर. जागेची तूट ७४ हजार. आजारपणात गेलेले ९ हजार. मिळून १ लाख ५५ हजार. यातले १ लाख १० हजार मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून (मजुरीच्या आगाऊ रकमेतून) आले, २५ हजार बोरमाळ मोडून, आणि २० हजार सिमेंटच्या दुकानाची उधारी आहे.

ऊसतोडीचा दर टनाला ३६६ रुपये. १ लाख १० हजार फेडायला ३०० टन ऊस तोडावा लागतो. हे दोघं मिळून दिवसाला दोन टन तोडतात. दीडशे दिवस, म्हणजे पूर्ण हंगाम. यंदाचा हंगाम ते घरासाठी तोडत आहेत, आणि घरखर्चासाठी पुढच्या हंगामाची उचल पुन्हा घ्यावी लागेल असं बाई फोनवर म्हणाल्या.

वेगळं काय करता आलं असतं

जागेची खात्री मंजुरीच्या आधी झाली असती तर फेब्रुवारी ते जून हे पाच महिने वाचले असते. आता मी प्रत्येक प्रस्तावाला नमुना ८ सोबत जागेचा सातबारा किंवा गावठाणाचा नकाशा मागते, आणि शेरा रकाना मोठ्याने वाचून दाखवते. यामुळे माझं काम महिन्याला काही फायलींनी मागे पडतं. त्याबद्दल बोलणी बसतात, ती मी ऐकून घेते.

पहिला हप्ता जागा नक्की होईपर्यंत थांबवायला हवा होता. गरीब घरात आलेले १५ हजार पडून राहत नाहीत, आणि ते खर्च झाले म्हणून कुणाला दोष देण्यात अर्थ नाही.

ऊसतोडीच्या पट्ट्यात घरकुलाचं वेळापत्रक पाडव्यापासून सुरू व्हायला हवं. मंजुरी आणि मस्टर फेब्रुवारीत निघतात, तेव्हा गावात फक्त म्हातारी माणसं आणि मुलं असतात. एप्रिल ते जून हे बांधकामाचे कोरडे महिने आमचे कागदांत गेले, आणि पाया पावसात खोदावा लागला. मस्टर एप्रिलमध्ये निघालं असतं तर ९० दिवस भरले असते.

कायदा शिथिल होण्याची वाट न पाहण्याचा सल्ला बरोबर ठरला असं मी आज म्हणू शकते, पण तेव्हा ते माहीत नव्हतं. परवानगी आणखी महिनाभर लांबली असती तर उचलीतले ६० हजार खर्च होऊन व्यवहार फिसकटला असता. कुटुंबाला ही जोखीम मी पुरेशी समजावून सांगितली नव्हती. जावेच्या बाबतीत सांगितली, म्हणून तिने उचल कमी घेतली आणि तिचं घर मागे राहिलं. दोघींपैकी कुणाचा निर्णय शहाणपणाचा, हे मला अजून ठरवता येत नाही.

आमच्या याच एका तालुक्यात जागा नसलेले मंजूर लाभार्थी अजून बरेच आहेत. प्रत्येकाने स्वतः विकणारा शोधून, स्वतः परवानगी काढून, अर्धा-अर्धा गुंठा घ्यायचा, ही रीत टिकणारी नाही. गावठाणाला लागून दहा-वीस गुंठे एकदम घेऊन, रस्ता-पाण्यासह आखून ग्रामपंचायतीने वाटावेत, असा प्रस्ताव आम्ही दोन गावांतून दिला आहे. एका गावात विकणारा तयार आहे.

सध्याची स्थिती

१९ मार्च २०२६ ला पाडवा. नवरा-बायको त्याआधी परततील. गिलावा आणि शौचालय झालं की पूर्णत्वाचा फोटो काढायचा, त्यावर शेवटचे ५ हजार येतील. फोटोत लाभार्थी दारात उभी असावी लागते. आजींनी दार आताच निळ्या रंगात रंगवून घेतलं आहे.